लोकलज्जेचा मानदंड

कायद्याच्या पुस्तकात दंड लिहिला म्हणजे नदी निर्मळ होते, असा भ्रम वकिली करणाऱ्या आम्हांस तरी राहिलेला नाही. कलम निर्दोष असते. परंतु तपासणारे हात थोडे, पुरावा दुर्बळ आणि निकाल दूर. अशा स्थितीत काय करावे, या प्रश्नाचे एक बोधप्रद उत्तर इंडोनेशियाच्या अलीकडील इतिहासात सापडते.

त्या देशात कारखानदारी झपाट्याने वाढली. नियमही झाले, परंतु त्यांची अंमलबजावणी लंगडीच राहिली. १९८९ मध्ये सरकारने 'प्रोकासिह' ही स्वच्छ नदीची मोहीम हाती घेतली. पुढे १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'बापेदाल' या पर्यावरण-संस्थेने १९९५ मध्ये 'प्रोपर' ही योजना आणली. सर्व कारखाने एकाच मापाने मोजावयाचे आणि प्रत्येकास एक रंग द्यावयाचा, हे तिचे मर्म. सर्वोत्कृष्टास सोनेरी; नियमांच्या पुढे गेलेल्यास हिरवा; नियम पाळणाऱ्यास निळा; प्रयत्न करूनही उणे पडणाऱ्यास तांबडा; आणि काहीच न करता गंभीर हानी करणाऱ्यास काळा. रसायनशास्त्राचे आकडे ज्यास उमगत नाहीत, त्यासही रंग उमगतो.

पहिल्या मापनात १८७ कारखाने होते. सोनेरी एकही नाही; हिरवे ५, निळे ६१, तांबडे ११५ आणि काळे ६. म्हणजे नियम पाळणारे जेमतेम एक-तृतीयांश! जूनमध्ये केवळ हिरव्यांचा जाहीर गौरव झाला; इतरांस डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. त्या अवधीत काळ्यांपैकी निम्मे त्या श्रेणीतून बाहेर पडले. नाव चारचौघांत उघडे होणार, ही धास्ती त्यांस पुरेशी झाली. शिवाय इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत, हे कित्येक मालकांस प्रथमच कळले.

तथापि या साधनाची मर्यादाही इतिहासानेच दाखविली. १९९८ च्या आर्थिक अरिष्टात योजना थांबली, ती २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली. लोकलज्जेस धार राहावयाची, तर मोजणी अखंड हवी आणि मोजणारा निःस्पृह हवा. माप खोटे असेल, तर हिरवा रंग हा पापावरील मुलामाच ठरेल.

आपल्याकडेही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये, धुराड्यांतील धूलिकणांच्या मोजणीवरून कारखान्यांस एक ते पाच तारे देण्यास आरंभ केला. हे तारे कायद्याची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु ते वाचणारा समाज असेल, तर कायद्यास बळ देऊ शकतात. सभामंडपातील देणगीफलकावर ज्या कारखानदारांची नावे आम्ही आदराने वाचतो, त्यांच्या धुराड्याची श्रेणीही आम्ही विचारली पाहिजे. प्रतिष्ठा देणे समाजाच्या हाती आहे. ती देण्यापूर्वी माप पाहणे हेही त्याचेच कर्तव्य होय.