मुंबई ते न्यूयॉर्क : दोऱ्याने मोजलेलं अंतर

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, न्यूयॉर्क किती लांब आहे हो?" मी माळ्यावरचा जुना पृथ्वीगोल काढला आणि शाळेत करत असे तेच केलं. मुंबईवर दोरा धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. सपाट नकाशा पाहून मुलांना वाटतं, विमान सरळ पश्चिमेला अरबस्तानावरून जात असेल. पण ताणलेला दोरा मध्य आशिया, रशिया, उत्तर युरोप असा वर चढतो आणि कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर हेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

हे अंतर पूर्वीही एवढंच होतं, बदलला तो वेळ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी अठ्ठावन्न दिवस प्रवासात! तेही १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता म्हणून, नाहीतर आफ्रिकेला वळसा होताच. पुढे जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि २००७ मध्ये मुंबईहून कुठेही न थांबता तिथे जाणारं विमान सुरू झालं. वेळ साधारण सोळा तास. अठ्ठावन्न दिवसांचे सोळा तास झाले!

आमच्या घरातही या हिशेबाला महत्त्व होतं. धाकटा भाऊ तिकडे स्थायिक झालेला. १९८४ साली आई गेली तेव्हा त्याला तार केली. तिकीट मिळवून, विमानं बदलत तो चौथ्या दिवशी दारात उभा राहिला. आईचं अंत्यदर्शन हुकलं, पण अस्थी त्याच्या हातून विसर्जित झाल्या. सोळा तासांचं विमान सुरू झालं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "दादा, आता असं नाही होणार."

२०२० च्या मे महिन्यात तो स्वतःच गेला. मार्चमध्येच आपल्याकडची नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली होती. माझ्याकडे पासपोर्ट होता, व्हिसा होता, पैसेही होते. विमान नव्हतं. पुतण्याने मोबाईलवर दाखवलं तेवढं पाहिलं. त्याच्या आईच्या वेळी तो निदान चौथ्या दिवशी पोचला होता. मी पोचलोच नाही.

वर्गात मी मुलांना शिकवलं, की अंतर किलोमीटरमध्ये मोजतात आणि प्रवास तासांमध्ये. आज शिकवायला उभा राहिलो तर आणखी एक वाक्य सांगेन : वाट उघडी असेल तरच.

नातू अजून गोलाशी खेळतोय. पुढच्या वर्षी शिकायला तिकडे जायचं म्हणतो. मी दोरा गुंडाळून त्याच्याच हातात दिला.