शिबिरांतील मद्य व सैनिकाचें वय

पेशवाईंत मद्यपानाचा दोष ठरलेल्या नाशिककडील ब्राह्मणांस किल्ल्यांवर कैदेंत ठेवीत, हें न्या. रानड्यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीवरील प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. त्या काळीं निषेधाचें माप जात व अधिकार हें होतें, वय नव्हे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें बंदी सर्वांस लागू केली. मात्र कलम ३९ अन्वयें लष्करी मेस व कँटिनांत विदेशी मद्याची परवानगी देण्याचा अधिकार सरकारास ठेविला. ही विषमता होय, असा आक्षेप बलसारा खटल्यांत आला. तेव्हां १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सैन्याची परंपरा व नियमबद्ध जीवनपद्धति ध्यानीं घेऊन तें कलम वैध ठरविलें. म्हणजे सवलतीचें मूळ शिस्तींत आहे, गणवेषांत नव्हे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणें साडेसतराव्या वर्षींहि भरती होते; नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रांत असे तरुण शिक्षण घेतात. मूळ योजनेंत चार वर्षांनीं फार तर चतुर्थांश सैन्यांत राहावयाचे. उरलेल्यांपैकीं अनेक पंचविशीच्या आंत गांवीं परतणार. महाराष्ट्रांत तीव्र मद्याच्या परवान्यास तर वयाचीं २५ वर्षें पुरीं लागतात. शिबिरांत जडलेली संवय गांवीं गुन्हा ठरेल. यास्तव, शस्त्र हातीं आलें तरी वयाची अट मेसमध्येंहि पाळावी, असें आमचें मत आहे.