ओएआय-ओआरई
ओएआय-ओआरई : अनेक फायलींची मिळून बनलेली डिजिटल वस्तू वेबवर एकसंध ओळखता यावी आणि तिचे घटक एकमेकांशी जोडता यावेत, यासाठीचे मानक. पूर्ण नाव ‘ओपन आर्काइव्ह्ज इनिशिएटिव्ह : ऑब्जेक्ट रीयूज अँड एक्स्चेंज’. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल लागोझ आणि लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेचे हर्बर्ट व्हान द सोम्पेल यांच्या नेतृत्वाखाली, अँड्र्यू डब्ल्यू. मेलन फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यावर २००६ मध्ये काम सुरू झाले. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००८ मध्ये आली. याच उपक्रमातल्या ओएआय-पीएमएच (२००१) या प्रोटोकॉलमुळे निरनिराळ्या संग्रहांतल्या नोंदी गोळा करणे सोपे झाले होते. मात्र नोंद हाती आली, तरी मूळ वस्तूत काय काय मोडते हा प्रश्न उरतच असे.

आर्काइव्ह या प्रीप्रिंट संग्रहातल्या कोणत्याही लेखाचे सारांशपान उघडले की हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. पानावर पीडीएफची लिंक असते, टेक् भाषेतल्या मूळ फायलींची असते, आधीच्या आवृत्त्यांची असते. शिवाय त्याच लेखकाचे इतर लेख, विषयाची यादी, मदतीचे पान अशाही लिंका असतात. यांतल्या पहिल्या काही लेखाच्या आणि उरलेल्या संकेतस्थळाच्या, हे वाचकाला सांगावे लागत नाही. पान वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र सगळ्या लिंका सारख्याच.

ओआरईने यावर काढलेली तोड दोन नावांची आहे. घटकांच्या समूहाला ‘अ‍ॅग्रिगेशन’ म्हणतात आणि त्याला स्वतःचा यूआरआय, म्हणजे वेबवरचा पत्ता, मिळतो. त्यात काय आहे ते सांगणारा, यंत्राला वाचता येणारा दस्तऐवज म्हणजे ‘रिसोर्स मॅप’. त्याचा यूआरआय वेगळा. समूह ही निव्वळ कल्पना असल्याने ती डाउनलोड करता येत नाही. म्हणून तिचा पत्ता मागितला की सर्व्हर ३०३ हा संकेत देऊन मॅपकडे पाठवतो, किंवा मॅपच्याच पत्त्यापुढे # लावून काम भागवतात. एका समूहाचे अ‍ॅटम, आरडीएफ/एक्सएमएल अशा स्वरूपांत अनेक मॅप असू शकतात. एका मॅपने मात्र एकाच समूहाचे वर्णन करायचे. मॅप कोणी केला आणि शेवटचा कधी बदलला, हे नोंदवणे सक्तीचे आहे. घटक एकाच सर्व्हरवर असण्याची अट नाही, आणि ओआरईचे खरे बळ इथेच आहे.

मानकातला सर्वांत हुशार भाग, आणि नवख्याला सर्वांत गोंधळात टाकणाराही, म्हणजे ‘प्रॉक्सी’. एकच छायाचित्र दोन समूहांत असेल, तर ‘या समूहापुरते’ त्याच्याविषयी काही म्हणायला प्रॉक्सी हा त्याचा प्रतिनिधी असतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या युरोपियाना या युरोपीय सांस्कृतिक संग्रहाने आपल्या डेटा मॉडेलमध्ये याचा चांगला उपयोग करून घेतला. तिथे वस्तुसंग्रहालयाने पाठवलेले वर्णन एका प्रॉक्सीवर राहते आणि युरोपियानाने घातलेली भर दुसऱ्यावर. त्यामुळे चित्राचा काळ किंवा विषय नेमका कोणी ठरवला, हे नंतरही शोधता येते. अमेरिकेतील डीपीएलए या डिजिटल ग्रंथालयाच्या मॉडेलमध्ये, डेटावन या पर्यावरणविषयक विदाजालात आणि ट्रिपल-आय-एफ या प्रतिमा-मानकाच्या आधीच्या आवृत्त्यांमध्येही ओआरईच्या संज्ञा आहेत. स्वतंत्रपणे वापरण्यापेक्षा दुसऱ्या मॉडेलच्या पोटात शिरूनच हे मानक टिकले, असे म्हणावे लागते.

क्रमाच्या बाबतीत ते तोकडे पडते. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकाची पानांची चित्रे, पीडीएफ आणि ओसीआरने काढलेला मजकूर हे सारे एका समूहाचे आहे एवढे ओआरई सांगेल. कोणते पान कोणत्या पानानंतर, हे त्याच्या मूळ संज्ञांत बसत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस सांभाळत असलेल्या मेट्स या मानकात त्यासाठी रचनेचा वेगळा आराखडाच असतो. म्हणून संग्रहाच्या आत मेट्स आणि बाहेर वेबवर ओआरई, अशी विभागणी करणे सोयीचे ठरते. मॅपमध्ये नोंदवलेली फाइल उद्या त्या पत्त्यावर सापडेलच याची हमी मात्र ओआरई देत नाही. ती जबाबदारी फाइल ठेवणाऱ्या संग्रहाची.