बाटलीवरची कातरलेली पट्टी

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की खाडीपूल ओलांडताच कशेळी लागते. या पट्ट्यात काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, जुन्या पिढीला ‘फॅमिली डॉक्टर’ म्हटले की आधी आठवते ती गुलाबी मिक्श्चरची बाटली. बाटली घरूनच न्यायची. कंपाउंडर ती भरून देई आणि वर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी; एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर रुग्णालाही हे ‘प्रिस्क्रिप्शन’ वाचता येई!

पण हे डॉक्टर होते कोण? त्यांतील अनेकांजवळ एमबीबीएस नव्हतीच. मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ची एलसीपीएस ही परवाना-पदविका घेऊन ते दवाखाना थाटत. त्यांना दुय्यम लेखण्यापूर्वी भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातील आकडे पाहावेत. देशातील ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी पदवीधर १७,६५४. उरलेले २९,८७० परवानाधारक.

तरीही समितीने परवाना-अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. देशभर एकाच दर्जाचा डॉक्टर घडावा, हा हेतू उदात्त होता. गणित मात्र कच्चे होते. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हे दार लावू नये, असे भिन्नमत समितीतीलच सहा सदस्यांनी नोंदवले. ते मागे पडले.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ ने ‘मर्यादित परवाना’ पुन्हा आणला, तेव्हा विरोधात उभी राहिली ती डॉक्टरांचीच संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन.