अळीच्या आठवणीचा माग: ओबेद सिद्दीकी आणि फळमाशी

1974 मध्ये अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत सीमोर बेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशी शिकू शकते, हे सिद्ध केले. विशिष्ट वासासोबत विजेचा झटका दिला, की माश्या पुढे तो वास टाळू लागत. दोनच वर्षांत हा धडा न शिकणारा एक उत्परिवर्ती वाण सापडला. त्याचे नाव ‘डन्स’, म्हणजे आपल्या शाळांच्या भाषेत ‘ढ’. वर्तनासारखी गुंतागुंतीची गोष्ट एकेका जनुकाच्या वाटेने उलगडेल, यावर त्या काळी अनेकांचा विश्वास नव्हता.

ज्यांचा होता, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दीकी होते. उत्तर प्रदेशातील बस्ती येथे 1932 मध्ये जन्मलेल्या सिद्दीकींचे शिक्षण अलीगढमध्ये झाले. आरंभीचे संशोधन वनस्पतींवर होते. त्यानंतर ते ग्लासगोला ग्विदो पाँतेकोर्वो यांच्याकडे सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीकडे वळले. पुढे ॲलन गॅरन यांच्यासह जीवाणूंवर केलेल्या कामाने त्यांचे नाव झाले. होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1962 मध्ये त्यांनी मुंबईत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. एवढी बसलेली घडी मोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर नवा प्राणी आणि नवा प्रश्न हाती घेणे, हा साधा निर्णय नव्हता.

बेन्झर यांच्यासोबत त्यांनी निवडलेल्या माश्या विलक्षण होत्या. एरवी त्या ठणठणीत असत. तापमान वाढले, की लुळ्या पडत. त्यांच्या चेतासंस्थेतील दोषांवरचा दोघांचा शोधनिबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तनातील बिघाड चेतापेशींच्या विद्युत कार्यात मोजता येतो, हे त्यातून दिसले.

स्मृतीपर्यंत मात्र सिद्दीकी थेट गेले नाहीत. वासाशी जोडलेली आठवण समजून घ्यायची, तर मुळात वास कसा ओळखला जातो हे ठाऊक हवे. मुंबईत परतल्यावर त्यांनी गंध आणि चव हेच विषय धरले. याच टप्प्यावर वेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या प्रयोगशाळेत आल्या. मूळ गोव्याच्या कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या रॉड्रिग्ज डब्लिनहून पीएचडीसाठी मुंबईत दाखल झाल्या होत्या. 1978 मध्ये दोघांनी गंध ओळखण्यात उणे पडणाऱ्या माश्यांचे आनुवंशिक विश्लेषण प्रसिद्ध केले. या क्षेत्रातले ते अगदी आरंभीचे काम.

अळ्यांवरील गंधचाचणी थक्क करण्याइतकी साधी आहे. पेट्री डिशमध्ये आगरचा थर, एका कडेला वासाचा पदार्थ, मध्यभागी अळ्या. काही मिनिटांनी कोणत्या बाजूला किती अळ्या गेल्या, ते मोजायचे. महागड्या यंत्रावाचून, निव्वळ मोजदादीतून, गंध न जाणवणारा वाण वेगळा काढता येतो. त्या काळच्या भारतीय प्रयोगशाळेला असे प्रश्न परवडत, ही बाब दुय्यम नव्हे.

नव्वदच्या दशकात बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे करताना सिद्दीकींवर प्रशासनाचा मोठा भार होता, तरी प्रयोग सुटले नाहीत. 2009 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह अळीच्या स्मृतीवर शोधनिबंध लिहिला. वास आणि विजेचा झटका यांची जोड अळ्यांना वारंवार देऊन, शिकवलेले किती वेळ टिकते हे त्यांनी मोजले. काळानुसार उतरत जाणारा आठवणीचा आलेख एकसंध नसतो. अल्पकालीन, मध्यमकालीन आणि दीर्घकालीन स्मृती त्यात एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रशिक्षणाच्या फेऱ्यांनुसार प्रत्येकीचा वाटा कसा बदलतो, हे गणिताने वेगळे काढण्याची रीत त्यांनी मांडली.

मग हीच फूटपट्टी त्यांनी जुन्या उत्परिवर्तींना लावली. ‘डन्स’मध्ये सायक्लिक एएमपी या रेणूचे विघटन करणारे विकर बिघडलेले असते, ‘रुटाबागा’मध्ये तो तयार करणारे. ‘ॲम्नेझियाक’ माश्या शिकतात, पण लवकर विसरतात. चौथा वाण ‘रॅडिश’, म्हणजे चक्क मुळा. या चारही वाणांच्या अळ्यांमध्ये स्मृतीचा दोष आढळला, आणि प्रत्येक वाणाच्या दोषाचे स्वरूप निराळे होते.