चांदसैलीच्या वळणांचा हिशेब

धनत्रयोदशी जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याकडची वाट अश्वत्थाम्याच्या जयघोषाने दुमदुमू लागते. सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर, सुमारे १,३२५ मीटर उंचीवर, त्याचं स्थान आहे. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तो अजूनही तेल मागत फिरतो आणि रानात चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. ही यात्रा मुळात पायांची. दगड, काटे, थंडी सोसत रात्रभर चढायचं आणि त्याच वाटेने उतरायचं.

घाटरस्ते झाले तसा प्रवास चाकांवर आला. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर बस क्वचितच पोचते. मग बाजार, लग्न, गुजरातेतली मजुरी, यात्रा, सगळ्याला मालवाहू पिकअपच. माल वाहण्यासाठी केलेल्या हौद्यात माणसं दाटीवाटीने उभी राहतात. गाडी वळणावर कलंडली, तर धरायला काही नसतं.

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीलाच, अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची पिकअप चांदसैली घाटात उलटली. पहिल्या बातम्यांत मृतांची संख्या सहा होती, नंतर ती आठवर गेली. तीन आठवडेच उलटले होते, तोच ९ नोव्हेंबरला अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरच्या देवगोई घाटात शाळेची बस दरीत कोसळली. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं शाळेत परतत होती. दोन विद्यार्थी गेले. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत पडून किमान सहा जणांचा जीव गेला होता. पाण्याची वाटही सुरक्षित नाही. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत बोट उलटली आणि किमान सहा जण बुडाले.

या घटना चार ठिकाणच्या. प्रत्येक वेळी पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, मदत जाहीर होते. पण घाटातून रोज जाणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: कोणत्या वळणावर, गाडीत किती माणसं असताना, कठडा होता की नव्हता. हे कागदांत विखुरलेलं राहतं.

सरकारकडे मोजमाप आहे, पण ते मोठ्या रस्त्यांचं. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. कमी वर्दळीच्या घाटाला हे माप लावलं, तर आज या वळणावर, दोन वर्षांनी पुढच्या वळणावर झालेला अपघात त्यातून निसटतो. सगळा घाटच धोक्याचा असतो, ठिपका मात्र कुठेच पडत नाही.

डोंगरांतल्या धोक्यांची वेगळी नोंद ठेवता येते. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाच्या अपघातांची नोंद १९३६-३७ च्या हिवाळ्यापासून ठेवली जाते. अमेरिकेतल्या गिर्यारोहकांची संस्था १९४८ पासून दरवर्षी अपघातांचा अहवाल छापते, काय चुकलं ते सविस्तर सांगून. शिक्षा करणं हा त्यामागचा हेतू नाही. पुढच्या हंगामात येणाऱ्याने ते वाचावं, एवढ्यासाठी ते छापलं जातं. सातपुड्यात हंगाम ठरलेला आहे, गर्दीचे दिवस ठाऊक आहेत. मग असा अहवाल इथे का नसावा?

त्यात एक रकाना बंद रस्त्यांचाही हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस दवाखान्याकडे पायी निघाला, तिने वाटेतच प्राण सोडला. गाडी उलटली नव्हती, म्हणून तो अपघात ठरत नाही.

या नोंदी पोलिसांकडून, बांधकाम विभागाकडून आणि दवाखान्यांतून एकत्र करून दर दिवाळीआधी जाहीर कराव्यात. घाटाच्या पायथ्याशी, गाडी भरते तिथे, मराठीत आणि इथल्या पावरी बोलीत फलक लावावा. फलक वाचता न येणाऱ्यांसाठी हौद्यात चढण्याआधी कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवावा.