लोटा, घागर आणि कलेची पीएच.डी.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात लोट्याची मोठी स्तुती आहे. लोटा डोक्यावर कसा तोलला जातो, कमरेवर कसा बसतो, त्यातून पाणी कसे ओतले जाते, हाताला तो कसा लागतो, त्याची किंमत काय, अशा प्रश्नांची लांबलचक यादीच त्यांनी मांडली. हे भांडे कोणा एकाने नव्हे, अनेक पिढ्यांनी घडवले हेही सांगितले. एका साध्या वस्तूला इतके प्रश्न विचारणे ही संशोधनाची उत्तम पद्धत आहे, आणि ती आम्ही नाकारत नाही.

पण एक प्रश्न त्या यादीत नाही. लोट्याला शिवायचे कोणी?

महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले ते मार्च १९२७ मध्ये. त्यानंतर सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत ओतून तळे ‘शुद्ध’ केले. घागरीचा हाही एक उपयोगच होता! अहवाल लिहिला गेला तेव्हा या घटनेला एकतीस वर्षे होऊन गेली होती आणि अस्पृश्यता घटनेने रद्द केलेली होती. परकीय अभ्यासकांना हे दिसले नसेल. येथल्या ज्या शहाण्यांनी तो अहवाल पिढ्यान् पिढ्या शिकवला, त्यांना का दिसू नये?

याचे कारण कलाशिक्षणाच्या घडणीत शोधावे लागते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठही स्थापन झाले. पण कलाशाळेला विद्यापीठाची पदवी मिळायला १९८१ उजाडले. तोवर पदविका! बडोद्याने १९५० च्या सुमारास चित्रकलेला विद्यापीठात जागा दिली, हा अपवाद. बुद्धीच्या कामाला पदवी आणि हाताच्या कामाला पदविका, ही वाटणी आपल्याला नवी नाही. इंग्लंडातही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार १९६७ मध्ये मिळाला. पण तेथे ती वाटणी जन्माने पक्की केलेली नव्हती.

पुढे १९९३ मध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलासंशोधनाचे तीन प्रकार मांडले. कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कला करत करत केलेले संशोधन. या तिसऱ्या प्रकाराने वस्तू घडवणे हीच ज्ञान मिळवण्याची रीत ठरली, आणि घडवलेली वस्तू प्रबंधाचा भाग म्हणून परीक्षकांपुढे येऊ लागली. आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. हातात ज्ञान असते, हे विद्यापीठाने मान्य केले.

मग कोणाच्या हातात? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमवायचे, ते किती भिजवायचे, केव्हा काढायचे, हे ढोर समाजाचे रसायनशास्त्र. त्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल चांभाराने घडवली. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशीच पादत्राणे मिलानच्या मंचावर आणली तेव्हा तिचे मूळ सांगायला लावण्यासाठी आरडाओरड करावी लागली. कंपनीला जाब विचारणे सोपे आहे. प्रबंधातही हा कारागीर ‘माहितीदाता’ असतो. त्याचे छायाचित्र आत छापले जाते, नाव ऋणनिर्देशात येते, आणि डॉक्टर दुसराच होतो.

२०१४ च्या कायद्याने अहमदाबादच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. २०२३ मध्ये मुंबईची जे. जे. कलाशाळाही अभिमत विद्यापीठ झाली, म्हणजे संशोधनाच्या पदव्यांचे नियम आता तिचे तिलाच करता येतात. पाठ्यवृत्त्या आहेत, राखीव जागा आहेत. त्या भरल्या जातात की नाही यावर लक्ष ठेवलेच पाहिजे. पण तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. चामड्यावरचा प्रबंध तपासायला बसणाऱ्यांमध्ये, आयुष्यभर कातडे कमावलेल्या माणसासाठी खुर्ची आहे का?